मास्तरांना चहा सगळे देतात

आमच्या हिब्रूच्या मास्तरांना मी फक्त एकदाच चिडलेलं बघितलंय, आणि ते पण पोरांवर नाही, एका आईवर. तिचा मुलगा तेराचा होणार होता, बर मित्स्वा (तेराव्या वर्षी मुलगा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, हिब्रूत धर्मग्रंथ वाचतो तो विधी) तोंडावर आलेला, आणि ती दारातच उभी राहून म्हणाली, मास्तर, सिनेगॉगमध्ये जेवढं म्हणायचंय तेवढं घोकून घ्या, अर्थबिर्थ राहू दे, त्याची सातवीची स्कॉलरशिप आहे. मास्तरांनी हातातला कप बशीत ठेवला. "मग टेपरेकॉर्डर घ्या बाई, माझ्यापेक्षा स्वस्त पडेल." मग कप परत उचलला, उरलेला चहा प्यायले, चपला घातल्या आणि गेले. पुढच्या रविवारी मात्र वेळेवर हजर. त्या मुलाला त्यांनी अर्थासकट शिकवलं, फुकट शिकवलं, आणि बर मित्स्वाच्या दिवशी तो मुलगा अडखळला तिथे आमच्या मागच्या बाकावरून मास्तरांचे ओठ हलत होते ते मी बघितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही बेने इस्रायल. म्हणजे मराठी ज्यू. आडनावं पेणकर, दिवेकर, राजपूरकर, झिराडकर अशी, कोकणातल्या गावांवरून आलेली. आमची दंतकथा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा आम्ही वंश. पुस्तकं वगैरे सगळं समुद्रात गेलं. मग कित्येक पिढ्या तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. लोकांना आमच्याबद्दल एवढंच माहीत असतं आणि मग पुढचा प्रश्न येतो, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" यावर काय बोलायचं हे मला पन्नाशी आली तरी कळलेलं नाही.

मी व्यवसायाने प्राथमिक शिक्षिका. मराठी माध्यम, पहिली ते चौथी, सव्वीस वर्षं. आणि रविवारी सकाळी एका मावशींच्या हॉलमध्ये अकरा मुलांना अलेफ-बेत (हिब्रू मुळाक्षरं), प्रार्थना, टोराच्या म्हणजे आमच्या धर्मग्रंथातल्या गोष्टी, सण असं सगळं शिकवते. या दुसऱ्या कामाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. कारण या दोन्ही नोकऱ्या (एक पगारी, एक बिनपगारी) शेजारी ठेवून बघितल्या की एक गोष्ट मला फार टोचते.

पण आधी मास्तर.

मास्तर रेल्वेत कारकून. शिफ्ट सुटली की डबा तसाच पिशवीत घेऊन गुरुवारी संध्याकाळी आमच्या चाळीत यायचे आणि रविवारी सकाळी. खोली कुणाचीही, ज्यांच्याकडे पाहुणे नसतील त्यांची. कुणी पगार देत नव्हतं, सणाला पाकीट मिळायचं, त्यात किती असायचं हे मी एकदा आईला विचारलं तर आई म्हणाली, चहा देतो ना आपण. आणि खरंच, चहा सगळे द्यायचे, कधीकधी एका तासात चार वेळा यायचा आणि मास्तर बिचारे चारही वेळा प्यायचे.

शिकवायची त्यांची स्वतःची पद्धत होती, कुठल्या पुस्तकातली नव्हती. हिब्रू अक्षरांना खाली-वर टिंबं आणि रेघा देतात स्वरांसाठी, ती त्यांनी बाराखडीसारखी मांडली होती. आपण क का कि की म्हणतो त्याच चालीवर. एका जाड वहीत, डाव्या बाजूला हिब्रू, उजव्या बाजूला मराठी, निळ्या आणि लाल शाईत. आमची मुलं दोन ठिकाणी हमखास चुकतात, दालेत आणि रेश. दोन्ही अक्षरं जवळजवळ सारखी, वरती आडवी रेघ आणि उजवीकडे खाली उभी, फरक फक्त कोपऱ्यात. मास्तर म्हणायचे दालेत म्हणजे सुताराचा काटकोन, रेश म्हणजे छत्रीची मूठ. झालं. मी ते परत कधी विसरले नाही.

आणि मग ते 'शेमा' काढायचे. शेमा म्हणजे आमची सगळ्यात मुळातली प्रार्थना, ऐक इस्राएला, देव एक आहे. बेने इस्रायल लोकांकडे शतकानुशतकं फक्त तेवढी एक ओळ उरली होती असं म्हणतात, म्हणून बारसं असो, लग्न असो, मयत असो, सगळीकडे तीच म्हणायची. तर त्या ओळीतला शेवटचा शब्द 'एहाद', एक, त्याचं शेवटचं अक्षर दालेत, आणि टोराच्या गुंडाळीत ते दालेत मुद्दाम मोठं लिहितात. का? मास्तर फळ्यावर, म्हणजे दाराच्या मागच्या बाजूवर, खडूने लिहून दाखवायचे. दालेतचा कोपरा गोल झाला तर ते रेश होतं, आणि मग 'एहाद'चं होतं 'अहेर', दुसरा. देव एक आहेच्या जागी देव दुसरा आहे. "एका कोपऱ्यात अख्खा धर्म आहे पोरांनो, पेन्सिल नीट टोकदार करा." आम्ही पेन्सिली टोकदार करत बसायचो.

मास्तर गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या घरच्यांनी सगळं आवरलं, घर बदललं, आणि ती वही रद्दीत गेली. कुणाचीच चूक नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ती वही महत्त्वाची आहे, कारण आम्हालाच कळलं नव्हतं. मास्तर जिवंत असताना मी किंवा कुणीही कधी म्हणालो नाही की मास्तर, ही वही झेरॉक्स करू दे. झेरॉक्सला तेव्हा पानाला पन्नास पैसे पडत असतील.

आता हे सगळं मी का सांगतेय. तर आमच्या समाजात शिक्षकाची गोष्ट फार जुनी आहे आणि ती गोष्ट गलबताइतकीच सांगितली जायला हवी, पण जात नाही. दाविद राहाबी नावाचा एक माणूस कोकणात आला. कुणी म्हणतं हजार वर्षांपूर्वी, कुणी म्हणतं अठराव्या शतकात कोचीनहून, ते इतिहासकार भांडोत. त्याला संशय आला की हे तेली लोक ज्यू असावेत. त्याने बायकांना वेगवेगळे मासे आणून दिले, शिजवा म्हणाला. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या. ज्यू धर्मात खवले आणि पर असलेलेच मासे चालतात, त्यामुळे त्याची खात्री पटली. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, कारण त्यात मासे आहेत, आणि मासे आले की कोकणी माणूस कान टवकारतो.

पुढचा भाग घाईघाईने उरकतात. राहाबीने मग काय केलं? तो काही गावोगाव स्वतः शिकवत हिंडला नाही. त्याने तीन तरुण निवडले, झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले, त्यांना हिब्रू आणि धर्म शिकवला, आणि ते झाले आमचे पहिले काजी. तेच मग गावोगाव फिरायचे, लग्नं लावायचे, तंटे सोडवायचे, शिकवायचे. आता मी डी.एड. झालेली बाई, मला या गोष्टीत दुसरं काही दिसतच नाही, हा आमच्या समाजाचा पहिला अध्यापक वर्ग आहे! आणि त्यातला आकडा बघा, तीन. एकाला शिकवून पाठवलं असतं तर तो एकटा पडला असता, एखाद्या पावसाळ्यात तापाने गेला असता की संपलं. तिघं होते म्हणजे एकाला काही अडलं तर दुसऱ्याला विचारायला जाता येत होतं, झिराडहून राजपूरला होडीने का होईना.

ही माझी स्वतःची कल्पना आहे बरं का, होडीची. तसं कुठे लिहिलेलं नाही. पण शिक्षक असलेल्या माणसाला ती होडी दिसतेच.

त्यानंतरचा इतिहास तर मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले. आम्हाला ख्रिस्ती करायची त्यांना फार आशा होती कारण जुना करार आमचाच की. त्यांनी शाळा काढल्या, आमच्या लोकांना शिक्षक म्हणून नेमलं, आणि जॉन विल्सन, तेच ते विल्सन कॉलेजवाले, त्यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. आमची माणसं शाळेत गेली, व्याकरण शिकली, थँक्यू म्हणाली आणि ज्यूच राहिली, उलट आधीपेक्षा जास्त नीट ज्यू झाली. मला विल्सनसाहेबांबद्दल मनापासून आदर आहे आणि थोडी दयाही येते.

मग आपल्यातली माणसं उभी राहिली. जोसेफ इझिकेल राजपूरकर, आडनाव बघा, तेच. डेव्हिड ससून यांनी मुंबईत काढलेल्या शाळेत ते 1856 ला असिस्टंट मास्तर म्हणून लागले, मग हेडमास्तर झाले आणि चाळीसएक वर्षं तिथेच राहिले. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. प्रार्थनांची पुस्तकं त्यांनी एकामागून एक मराठीत आणली. शाळेत दिवसभर पोरं सांभाळून घरी येऊन रात्री दिव्याखाली भाषांतर करत बसायचं, हे काय असतं ते मला विचारा, मी चौथीचे पेपर तपासून रात्री अकराला रविवारची तयारी करायला बसते तेव्हा माझे डोळे मिटतात आणि इथे तर एलईडी आहे.

1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली. इंग्रजी, मराठी, हिसाब सगळं, आणि त्याबरोबर हिब्रू. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने पैशाची मदत केली. पुढे एली कडूरी यांच्या देणगीनंतर तीच माझगावची सर एली कडूरी शाळा झाली. आणि 1922 मध्ये तिथे प्रिन्सिपल म्हणून आल्या रिबेका रूबेन, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या. जवळजवळ तीन दशकं त्या तिथे होत्या. माझी आजी त्या काळातली, ती शाळेत नव्हती पण तिची बहीण होती, आणि ती बहीण म्हणजे आमची मोठी आजी म्हातारपणी सगळं विसरली, आम्हाला विसरली, पण 'मिस रूबेन' म्हटलं की खाटेवर ताठ बसायची.

आज त्या शाळेत आणि भायखळ्याच्या ससून शाळेत ज्यू मुलं जवळपास उरलेली नाहीत, बहुतेक मुलं इतर धर्मांची आहेत. मला यात वाईट असं काही वाटत नाही, एका समाजाने बांधलेल्या शाळेत दुसऱ्यांची मुलं शिकतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याबरोबर हिब्रूचा तास गेला, आणि तासाबरोबर त्या तासाची टीचर्स रूम गेली. त्या टीचर्स रूमकडे मला यायचं होतं.

आता माझ्या पगारी नोकरीबद्दल. आमच्याकडे 'केंद्र' असतं. जवळपासच्या दहाबारा शाळांचं एक केंद्र, त्याचे केंद्रप्रमुख, आणि महिन्यातून एकदा शिक्षण परिषद. सगळे शिक्षक एका शाळेत जमायचं, कुणीतरी आदर्श पाठ घ्यायचा, कुणीतरी पीपीटी लावायची, जी कधी उघडत नाही, मग चहा, मग वडापाव किंवा उपमा, मग सह्या. आम्ही या परिषदेला किती शिव्या घातल्यात त्याची गणती नाही. रजा टाकून घरी बसलो असतो तर बरं असं दर महिन्याला वाटतं. पण खरं सांगू? हातच्याची वजाबाकी दुसरीला कशी शिकवायची हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही कळलं, ते कळलं उपमा खाता खाता शेजारच्या शाळेतल्या एका बाईंकडून. त्या म्हणाल्या, अगं सुट्टे पैसे दे हातात, दहाची नोट मोडायला लाव. बस. पंधरा सेकंदांचं बोलणं आणि माझी पुढची वीस वर्षं सुटली.

रविवारच्या वर्गाला असा उपमा नाही.

हे मी पाचसहा वर्षं कुणाला सांगूच शकले नाही, कारण बाहेरून सगळं छानच दिसत होतं. समाजाचे लोक कौतुक करत होते. एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला, शाल, नारळ, स्मृतिचिन्ह, माझं नाव चुकीचं छापलेलं पण असू दे. अधूनमधून बाहेरदेशातून तरुण मुलंमुली यायची, गिटार घेऊन, मुलांना हिब्रू गाणी शिकवायची, मुलं वेडी व्हायची त्यांच्यासाठी, आणि मग ती मुलं परत जायची आणि पुढच्या रविवारी माझ्या तोंडाकडे बघून मुलांचे चेहरे पडायचे. त्या मुलांचा काही दोष नाही, प्रेमाने यायची बिचारी. पण माझ्या मनात यायचं की यांनी माझ्याबरोबर तासभर बसून नुसतं विचारलं असतं ना, की ताई, तुम्हाला काय अडतंय, तर ते गाण्यापेक्षा जास्त टिकलं असतं.

काय अडत होतं? सगळंच. मला हिब्रू वाचता येतं, समजतं थोडं. मास्तरांनी दिलं तेवढं. टोराची गोष्ट सांगताना आठ वर्षांचं पोर विचारतं की देवाने इजिप्तच्या लोकांची पोरं का मारली, त्यांनी काय केलं होतं, आणि मी ज्या हाताने सोमवारी वर्गात अहिंसेचा धडा शिकवते त्याच हाताने खडू धरून उभी. छापील साहित्य मिळतं ते अमेरिकेतलं किंवा इंग्लंडमधलं, त्यातल्या मुलांना बर्फ पडत असतो, आजी रशियातून आलेली असते, सणाला बटाट्याचे पॅनकेक असतात. चुकीचं नाही काही, पण माझ्या वर्गातल्या आर्याला (खरं नाव वेगळं) वाटायला लागलं की खरे ज्यू ते, आणि आपण डुप्लिकेट.

मग एकदा मला 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादाची चित्रं मिळाली. हग्गादा म्हणजे पेसाहच्या, वल्हांडणाच्या रात्री घरी वाचायची पोथी. मराठीतली पहिली हग्गादा 1846 ची, मुंबईत छापलेली, पण पुण्याच्या प्रतीत सुरुवातीला चित्रं आहेत, बायका जमिनीवर बसून सणाची बिनखमिराची भाकरी करतायत, साड्या नेसून. मी त्याची रंगीत प्रिंट काढून भिंतीला लावली आणि काही न बोलता खुर्चीत बसले. पाच मिनिटं कुणी काही नाही. मग आर्या उठून जवळ गेली आणि म्हणाली, "ही आमच्या पणजीसारखी बसलीय, एक पाय वर करून." त्या दिवशी मी दुसरं काही शिकवलंच नाही. घरी जाऊन आपापल्या आज्यांना विचारून या, सणांना आपण काय म्हणायचो. पुढच्या रविवारी मुलं जी यादी घेऊन आली! नव्याचा सण म्हणजे रोश हाशाना, आमचं नवं वर्ष. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास, त्या दिवशी दारं लावून घ्यायची म्हणून. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. बिरड्याचा सण, उपासाचा, त्याला वालाचं बिरडं. एका मुलाने खिरीचा सण असं लिहून पुढे कंसात 'मला आवडतो' लिहिलेलं. हिब्रू नावं समुद्रात गेली तेव्हा आमच्या पणज्यांनी सण सोडले नाहीत, स्वयंपाकघरातून नवी नावं काढली. ही गोष्ट कुठल्याही परदेशी वर्कबुकात नाही, कशी असेल.

सगळेच प्रयोग असे जमले नाहीत. युरोपातल्या ज्यूंमध्ये जुनी रीत होती, मूल पहिल्यांदा अक्षरं शिकायला बसलं की पाटीवर मध लावून चाटायला द्यायचा, विद्या गोड लागावी म्हणून. मी वाचलं आणि म्हटलं करूया, मध महाग म्हणून काकवी आणली. मुलांना फार आवडलं. मावशींना आवडलं नाही, कारण मुंग्या गुरुवारपर्यंत होत्या, आणि त्यांच्या सोफ्याच्या कव्हरवर अजून एक अर्धवट अलेफ आहे.

तल्मूदमध्ये, म्हणजे आमच्या जुन्या पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, एक जागा आहे जिथे फक्त शाळेबद्दल चर्चा चालते. मला ती कळली तेव्हा मी शाळेतल्या बाईंना पण सांगितलं, त्यांचा विश्वास बसेना. चौथ्या शतकातला, बाबिलोनमधला रावा नावाचा पंडित सांगतो, पंचवीस मुलांमागे एक शिक्षक, चाळीस झाली तर मदतनीस द्या, पन्नास झाली तर दोन शिक्षक नेमा, आणि खर्च गावाने करायचा. आपला शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्यात प्राथमिकला तीसला एक, आणि तो पण कागदावर. त्याच पानावर वाद आहे की भरपूर शिकवणारा पण थोडं चुकीचं शिकवणारा मास्तर चांगला, की थोडंच पण बिनचूक शिकवणारा. रावा म्हणतो भरपूरवाला घ्या, चुका आपोआप जातात. रव दिमी म्हणतो नाही, एकदा शिरलेली चूक निघत नाही. आमचे मास्तर रव दिमीच्या पार्टीतले होते, पेन्सिल टोकदार. मी स्वतः, कबूल करते, रावाकडे झुकते.

पण मला त्या पानावर सगळ्यात आवडलं ते म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी शहाणी माणसं बसून शिक्षकाला किती मुलं झेपतील याची काळजी करतायत. मुलांना काय शिकवायचं यावर बोलायला सगळ्यांना आवडतं, शिक्षकाला किती झेपेल हे कोण विचारतं.

तर उपम्याचं काय झालं ते सांगते.

लॉकडाऊनमध्ये माझा वर्ग ऑनलाइन गेला आणि त्यात एक दिवस एक अनोळखी बाई जॉइन झाल्या, कॅमेरा बंद. तास संपल्यावर म्हणाल्या, मी पुण्याहून, मी पण चार मुलांना शिकवते, तुम्ही काय करता ते बघायला आले, राग नका मानू. राग कसला, मला तर रडायलाच आलं. तिने तिच्या ओळखीची अलिबागची एक जोडली, आणि तिसरी म्हणजे माझीच लांबची आत्या, इस्रायलमध्ये लोदला असते, साठच्या दशकात गेलेली, तिथल्या बालवाडीत आयुष्य घालवून रिटायर झालेली. आत्याचं मराठी ऐकायचं, तुमच्या आजीच्या मराठीपेक्षा जुनं आहे, फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं, आणि मध्येच हिब्रू शब्द. आधी आम्ही सहा होतो. एकीचं लग्न झालं, एकीला वेळ नाही म्हणाली. आता चौघी. ग्रुपचं नाव पुण्याच्या बाईंनी 'टीचर्स रूम' ठेवलंय, डीपी म्हणून उपम्याची प्लेट, कारण मी त्यांना केंद्राची गोष्ट सांगितली होती.

यात कुणी कुणाला ट्रेनिंग देत नाही. कुणाकडे अनुदान नाही, सर्टिफिकेट नाही. दर बुधवारी रात्री पाऊण तास फोनवर बोलतो. इकडे साडेनऊ म्हणजे आत्याकडे उन्हाळ्यात सात, हिवाळ्यात सहा, आणि दरवर्षी घड्याळ बदललं की एकदा तरी आमचा गोंधळ होतोच. अर्धा वेळ रडगाणं असतं. अलिबागच्या बाईंकडे एकाच कुटुंबातली दोनच मुलं, त्यातलं एक चार वर्षांचं, तिला वाटतं हा काय वर्ग आहे का, बंद करू का. आत्या म्हणाली, दोन म्हणजे हेव्रुता, आपल्याकडे शिकायची पद्धतच दोघांनी समोरासमोर बसून वाद घालायची आहे, तुझाच वर्ग खरा, आमचे सगळे गर्दी. आम्ही हसलो. पण बाईंनी वर्ग बंद केला नाही.

दालेत-रेशची युक्ती मी ग्रुपवर टाकली, आणि मग बसून मास्तरांच्या वहीतलं जे जे आठवतं ते लिहून काढायला घेतलं. बाराखडी बरीचशी आठवली. 'हे' आणि 'हेत'चं आठवलं, हेच्या भिंतीला खिडकी उघडी, हेतची खिडकी बंद. लाल शाईत काय असायचं आणि निळ्यात काय ते आठवेना, तर आमच्याबरोबर शिकणारा एक जण आता इस्रायलमध्ये अश्दोदला असतो त्याला मेसेज केला, तो म्हणाला लाल म्हणजे स्वर. दोन दिवसांनी परत मेसेज, नाही, लाल म्हणजे आपल्या चुका. सध्या अठरा पानं झालीयत. यावेळी चार ठिकाणी कॉपी आहे.

समाजात पैसा नाही असं नाही हो. परदेशात मोठमोठ्या संस्था आहेत, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात तर ज्यू शिक्षणासाठी अख्खं केंद्र आहे, आणि तिकडच्या शाळांमध्ये पण ज्यू विषयांना शिक्षक मिळत नाहीत म्हणून ओरड आहे. आम्ही इथे चारेक हजार. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, फॉर्मवर आता 'इतर'मध्ये टिक करावी लागत नाही, त्या दिवशी पेढे वाटले होते. चांगलंच झालं. पण माझी मागणी फार छोटी आहे, कुणी ऐकत असेल तर. सत्कार करू नका. शालीचे पैसे वाचवा आणि आम्हा चौघींना, म्हणजे आत्या धरून, वर्षातून दोन दिवस एका खोलीत बसवा. नवगावला चालेल, रेवदंड्याला चालेल. मासे आम्ही बघून घेऊ.

गेल्या रविवारी योसेफची गोष्ट चालली होती, भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात आणि विकतात ती. आमच्याकडे यावर मराठीत कीर्तनं होती, 1880 च्या सुमारास आपल्याच लोकांनी हरिदासी पद्धतीवर सुरू केलेली, झांजा, पेटी, सगळं. मी रंगात येऊन सांगत होते आणि मधल्या रांगेतून एक हात वर. "टीचर, बिन्यामिन कुठे होता तेव्हा?" बिन्यामिन म्हणजे योसेफचा धाकटा भाऊ, आणि हा मुलगा स्वतः बिन्यामिन, म्हणून त्याला पडलेली. मला माहीत नव्हतं. पूर्वी मी काहीतरी मारून नेलं असतं. आता म्हटलं, थांब, विचारते. ग्रुपवर टाकलं. इकडे साडेदहा, तिकडे आठ वाजत होते, आत्या उठलेली असणार पण चहा झाला नसेल. सात मिनिटांत व्हॉइस नोट आली, सव्वातीन मिनिटांची, मी स्पीकरवर लावली. मागे बसचा हॉर्न, कपात चमचा, आणि आत्या, "अरे बिन्यामिना, तू लहान होतास बाबा, बापाजवळ घरी होतास असं दिसतंय, पण टोरात तसं लिहिलेलं नाहीय, म्हणून तूच सांग बघू, तू तिथे असतास तर काय केलं असतंस?"

बिन्यामिन विचारात पडला. मग म्हणाला, बाबांना फोन केला असता.

मागून आर्या म्हणाली, वाळवंटात रेंज नसते. आणि मग तिथून जे भांडण लागलं, जिओ की एअरटेल इथपासून ते योसेफने खड्ड्यातून ओरडायला हवं होतं की नाही इथपर्यंत, ते साडेबाराला मावशींनी पोह्यांच्या प्लेटा आणल्या तेव्हाही चालूच होतं.